डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत म्हणून मुलगा काढून घेतील का?

ताई, प्रश्न वाचला. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून तुम्ही चार वर्षांच्या मुलाला घेऊन माहेरी आलात, झोप नाही, जेवण जात नाही, सिव्हिल हॉस्पिटलमधून डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत, आणि सासरचे गावभर सांगतायत की ही वेडी झालीय, घटस्फोट घेऊ आणि पोरगंही नेऊ. भाऊ म्हणतो गोळ्या बंद कर, केसपेपर जाळून टाक.

आधी एवढं ऐका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नका आणि एकही कागद जाळू नका. भावाची भीती कळते मला, पण तो केसपेपर त्यांच्या नाही तुमच्या कामाचा आहे. घरी काय झालं ते डॉक्टरांना सांगितलं नसेल तर पुढच्या वेळी सगळं सांगा आणि केसपेपरवर लिहायला लावा.

आणि वेडी ठरवणं त्यांच्या हातात नाही हो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट आहे, नुसता आजार आहे म्हणून कुणी वेडं ठरत नाही, ते कोर्टानेच ठरवायचं. हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजारावरून घटस्फोट मिळतो, पण आजार इतका मोठा हवा की समोरच्याने सोबत राहावं अशी अपेक्षाच करता येणार नाही, आजाराचं नाव दाखवून भागत नाही असं सुप्रीम कोर्टाने १९८८ मध्येच सांगितलंय. डिप्रेशनवर उपचार घेणारी, पोराला सांभाळणारी बाई त्यात बसते असं मला अजिबात वाटत नाही.

मुलाचं म्हणाल तर पाच वर्षांच्या आतलं मूल शक्यतो आईकडेच ठेवतात, पण त्याला पाचवं संपेपर्यंत थांबू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली माहेरच्या तालुक्याच्या कोर्टात अर्ज करा, सासरच्या गावाला जायची गरज नाही. मुलाचा तात्पुरता ताबा, संरक्षण, खर्च, औषधपाण्याचे पैसे, मानसिक त्रासाची भरपाई सगळं एकाच अर्जात मागता येतं. याच कायद्याखाली नेमलेले सरकारी संरक्षण अधिकारी अर्ज भरायला मदत करतात आणि वकील तालुका विधी सेवा समितीकडून फुकट मिळतो, बाईला उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

बैठक बसवून स्टॅम्प पेपरवर फारकत लिहून घ्यायला आले तर सही करू नका, कितीही जवळचा माणूस मध्ये पडला तरी. कोऱ्या कागदावर तर नाहीच. आणि रात्री जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर लगेच भावाला उठवा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ ला फोन लावा, फुकट आहे, मराठीत बोलतात.