फोन ऐकणाऱ्यांवर नजर कुणाची?

प्रश्न : मोबाइलवरचं बोलणं ऐकायला परवानगी कोण देतं? त्यावर आमदार-खासदारांची देखरेख असते का? (एक वाचक, नाशिकरोड)

उत्तर : देखरेखीचं आधी सांगतो : नसते. राज्यात गृह विभागाचे सचिव आदेश काढतात, केंद्रात केंद्रीय गृहसचिव. आधार आहे २०२३ च्या दूरसंचार कायद्याचं कलम २०(२). जुन्या तार नियमावलीतला ४१९-अ नियम जाऊन डिसेंबर २०२४ मध्ये नवे नियम आले, पण सांगाडा तोच राहिला. आदेश ६० दिवस चालतो; मुदत वाढवत नेली तरी १८० दिवसांच्या पुढे नाही. त्याची प्रत आढावा समितीकडे जाते. या समितीत राज्याचे मुख्य सचिव, विधी सचिव आणि गृह सोडून आणखी एक सचिव असतात. न्यायाधीश नाहीत, विरोधी बाकांवरचं कुणी नाही. साहेबांची फाइल साहेबांनीच तपासायची!

समिती दोन महिन्यांतून एकदा बसते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी नेमलेल्या न्या. श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या अहवालात माहिती अधिकारातून बाहेर आलेला आकडा दिला आहे : केंद्राच्या आढावा समितीपुढे एका बैठकीला १५ ते १८ हजार आदेश. सलग आठ तास बसलं, तरी एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत.

प्रश्न : मग आमदारांना पत्र देऊन काही होतं का? काय लिहावं? (एक वाचक, सिडको)

उत्तर : होतं, पण मागणी नेमकी हवी. ‘माझा फोन टॅप होतोय, चौकशी करा’ असं लिहिलंत तर उत्तर ‘गोपनीय’ एवढंच येणार. नावं मागू नका, आकडे मागा : गेल्या पाच वर्षांत गृह विभागाने वर्षनिहाय किती आदेश काढले, त्यांतल्या कितींना मुदतवाढ मिळाली, आढावा समितीच्या बैठका किती झाल्या आणि तिने किती आदेश रद्द केले. संख्येने कुठला तपास फुटत नाही, त्यामुळे नकार द्यायचा तर कारण शोधावं लागतं. आमदारांना हे सभागृहात तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचा, प्रश्न म्हणून विचारायला सांगा, म्हणजे उपप्रश्न विचारता येतात.

केंद्रीय यंत्रणांचा विषय मात्र खासदारांकडेच न्यावा लागतो. लोकसभेत प्रश्नाची सूचना १५ दिवस आधी लागते आणि क्रम सोडतीने ठरतो. दिवसाला तारांकित २० आणि अतारांकित (लेखी उत्तराचे) २३० प्रश्न लागतात. म्हणून पत्र अधिवेशनाच्या तोंडावर नको, महिना-दीड महिना आधी द्या. मंत्र्यांनी ‘माहिती गोळा केली जात आहे, पटलावर ठेवू’ असं उत्तर दिलं तर हिरमुसू नका. ते आश्वासन धरलं जातं, तीन महिन्यांत पुरं करावं लागतं आणि सभागृहाची आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. आमच्या मते या सगळ्यात हीच सर्वांत कमी वापरली जाणारी चावी आहे.

लोकसभेच्या याचिका समितीकडेही जाता येतं. याचिका मराठीत असेल तर सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर सही करून जोडा आणि खासदारांची प्रतिस्वाक्षरी घ्या. विषय न्यायालयात असेल तर ती फेटाळली जाते.

प्रश्न : पोलीस कॉलची यादी परस्पर मागवू शकतात का? (एक वाचक, पंचवटी)

उत्तर : हो. ‘सीडीआर’ म्हणजे कुणाला, कधी, किती वेळ फोन केला याची नोंद. त्यात बोलणं नसतं, म्हणून गृह सचिवांचा आदेशही लागत नाही. तपासासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली मागणी होते. ती पोलीस अधीक्षक किंवा त्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडून जायला हवी. नाशिक शहरात आयुक्तालय असल्याने तिथे उपायुक्त. ठाण्यातल्या अंमलदाराने ओळखीवर काढलेली यादी बेकायदा. कंपन्यांना या नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात.

तुम्हाला कुणी कळवत नाही. बहुतेकदा हे समजतं ते आरोपपत्राची प्रत हातात पडल्यावर. तेव्हा वकिलांना मागणीपत्राची तारीख आणि सही करणाऱ्याचा हुद्दा पाहायला सांगा. बोलणंच ऐकलं असेल, तर आदेशात सार्वजनिक सुरक्षेचं कारण आहे का हेही तपासा. लाचेच्या एका प्रकरणात ते दिसलं नाही, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फोन ऐकण्याचे तिन्ही आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणं नष्ट करायला लावली.