पुरात पक्ष्यांची घरटी वाहून जातात का?

तुम्ही विचारलंय की उल्हास नदीला पूर आला की काठावरच्या पक्ष्यांच्या घरट्यांचं काय होतं आणि ठाण्याजवळ हे कुठे बघायला मिळेल. मी कळव्याला राहतो, बरीच वर्षं कल्याणच्या पुढे नदीकाठी पक्षी बघायला जातोय, त्यावरून सांगतो.

वाहून जातात, पण सगळ्यांची नाही. सगळ्यात जास्त फटका टिटवीला, कारण ती उघड्या जमिनीवर अंडी घालते, घरटं म्हणजे नुसता एक खळगा आणि भोवती खडे. एकदा जूनमध्ये माझ्या पायापासून दोन हातांवर 4 अंडी होती, मातीच्याच रंगाची, काळे ठिपके, निमुळती टोकं आत वळवलेली, आणि मला दिसलीच नाहीत, टिटवी डोक्यावर ओरडत फिरायला लागली तेव्हा कळलं. मग दोन दिवस धो धो पाऊस झाला, परत गेलो तर तिथे गुडघाभर गढूळ पाणी आणि जोडी बांधावर गप्प उभी. खूप वाईट वाटलं. पण अशी अंडी गेली तर टिटवी बऱ्याचदा पुन्हा घालते.

टिबुकलीचं, म्हणजे तळ्यात बुड्या मारणाऱ्या छोट्या पाणपक्ष्याचं, वेगळं. तिचं घरटं पाण्यावर तरंगतं, वेलींना अडकवलेलं, पाणी हळूहळू चढलं तर घरटंही वर येतं. कमळपक्षी तर ऐन पावसाळ्यातच पाण्यावर तरंगणाऱ्या पानांवर अंडी घालतो, उबवतो नर, आणि गरज पडली तर तो अंडी सरकवतोसुद्धा! म्हणजे पावसाचं पाणी यांना हवंच असतं, जोराचा लोंढा आला की मात्र काही चालत नाही.

मला पुरापेक्षा भरावाची भीती जास्त वाटते. काठाच्या पाणथळीत डेब्रिज टाकलं की पाणी पसरायला जागा उरत नाही, ते उरलेल्या तुकड्यात पटकन चढतं, आणि दुसऱ्यांदा अंडी घालायला मोकळी उंच जागाच नसते. ती टिटवीची जोडी दिसली त्या जागी आता डंपर उभे असतात.

ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून मान्यता, मिळाला, ऐरोलीहून फ्लेमिंगो जरूर बघा, पण ते इथे घरटी करत नाहीत, त्यासाठी कच्छच्या रणात जातात. घरटी बघायची तर जुलै-ऑगस्टमध्ये टिटवाळ्याकडची तळी धरा. दुर्बीण न्या आणि लांबच थांबा, आपण जवळ गेलो की पक्षी उठतो आणि कावळ्याला अंडी सापडतात.