गाडी कुठल्या पासिंगची?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे. या अंकात गाड्यांच्या नंबर प्लेटविषयी आलेली निवडक पत्रे.

प्रश्न : कोल्हापूरच्या स्टँडवर उभ्या असलेल्या एसटी गाड्यांवर एमएच ०९ फारसा दिसत नाही. एखादी एमएच १४, दुसरी २०, तिसरी ४०. या गाड्या दुसऱ्या जिल्ह्यांतून मागवलेल्या असतात का?
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : गाडी इथलीच, पासिंग तिकडचे. एसटी महामंडळ चासी (इंजिन-चाकांसह गाडीचा सांगाडा) विकत घेऊन तिच्यावर बॉडी आपल्याच मध्यवर्ती कार्यशाळांत बांधत आले आहे. अशा कार्यशाळा तीन : पुण्याजवळ दापोडी, छत्रपती संभाजीनगरला चिकलठाणा आणि नागपूरजवळ हिंगणा. बॉडी तयार झाली की जवळच्या परिवहन कार्यालयात नोंदणी होते आणि मग गाडी आगाराकडे रवाना होते. त्यामुळे दापोडीची गाडी एमएच १२ किंवा १४, चिकलठाण्याची एमएच २०, हिंगण्याची एमएच ४०. पुढे ती गारगोटीला धावो नाहीतर चंदगडला, नंबर तोच.

नंबर प्लेट वाचताना हीच गोष्ट धरून चालायची. गाडीची नोंद कुठल्या कार्यालयात झाली एवढेच ती सांगते; मालक आज कुठे राहतो, गाडी कुठे फिरते, हे सांगत नाही. सध्याची पद्धत १९८८ च्या मोटार वाहन कायद्याबरोबर १ जुलै १९८९ पासून देशभर आली. आधी राज्याची दोन अक्षरे, मग कार्यालयाचा क्रमांक, मग मालिकेची अक्षरे आणि शेवटी १ ते ९९९९ मधला आकडा. मालिकेच्या अक्षरांना स्वतःचा काही अर्थ नाही. एक मालिका भरली की पुढची उघडते. आय आणि ओ ही अक्षरे १ आणि ० सारखी दिसतात म्हणून वगळलेली आहेत.

आपल्या आसपासचे क्रमांक असे : कोल्हापूर ०९, सांगली १०, सातारा ११, सिंधुदुर्ग ०७, रत्नागिरी ०८. कराडला वेगळे कार्यालय झाल्यावर ५० मिळाला, पण त्याआधी एमएच ११ वर पास झालेल्या कराडच्या गाड्या तशाच राहिल्या. जुना नंबर कुणी बदलायला लावत नाही.

राज्याराज्यांच्या मात्र आपापल्या तऱ्हा आहेत. बेळगावहून येणारी कर्नाटकची लाल बस पाहा : केए २२ नंतर एफ हे अक्षर असते. एफ मालिका तिथल्या एसटीची, जी मालिका सरकारी वाहनांची. केरळने तर आपल्या एसटीला केएल १५ हा क्रमांकच देऊन टाकला आहे. दिल्लीत कार्यालयाच्या आकड्यामागचे अक्षर वाहनाचा प्रकार सांगते. सी म्हणजे मोटार, एस म्हणजे दुचाकी. आंध्र प्रदेशाने २०१९ पासून नव्या गाड्यांना जिल्हावार क्रमांक देणे थांबवून सगळीकडे एपी ३९ लावला. तेलंगणाने २०२४ मध्ये टीएस सोडून टीजी घेतले. जुन्या गाड्यांवर टीएसच आहे.

प्रश्न : मुलाने पुण्यात घेतलेली एमएच १२ ची मोटार आता कायमची कोल्हापुरात आहे. नंबर बदलावा लागेल का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : नाही. राज्य तेच आहे. आरसी बुकावरचा पत्ता मात्र ३० दिवसांत बदलून घ्यायचा, नमुना ३३ भरून. नाहीतर ई-चलनाचे कागद पुण्याच्या जुन्या खोलीवर जात राहतील.

प्रश्न : निपाणीतील ओळखीच्या गृहस्थांकडून केए २३ ची मोटार घ्यायची आहे. ते २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या देऊन गाडी ताब्यात द्यायला तयार आहेत. एवढे पुरेल का?
– एक वाचक, कागल

उत्तर : पुरणार नाही. निपाणी आपल्याला शेजारचे गाव वाटते, पण कागदोपत्री ते दुसरे राज्य आहे. नुसत्या सह्यांवर गाडी आणलीत तर मालक तेच राहतील. उद्या अपघात झाला तर नोटीस त्यांना जाईल, आणि विम्याचा दावा मागताना तुमचे नाव कुठेच नसेल.

रीत अशी. पहिल्यांदा विक्रेत्याने चिक्कोडीच्या कार्यालयातून ना हरकत दाखला काढायचा. त्याचा नमुना २८. सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी आणि चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट, म्हणजे सांगाड्यावर कोरलेल्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने घासून उमटवलेला ठसा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमती लागते. कर्ज फिटलेले असूनही आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवलेला नसतो, आणि बहुतेकांचे घोडे इथेच अडते. थकलेली चलने आधी भरून टाका, त्यांच्यामुळेही दाखला अडतो.

दाखला मिळाला की कोल्हापूरच्या कार्यालयात नवीन नंबरसाठी नमुना २७ आणि मालकी बदलासाठी २९ व ३० द्यायचे. गाडी तपासणीला न्यावी लागते. मग महाराष्ट्राचा एकरकमी कर भरायचा. दहा लाखांपर्यंतच्या नव्या पेट्रोल मोटारीला तो ११ टक्के आणि डिझेलला १३ टक्के आहे. जुन्या गाडीला वयानुसार कमी होतो. सौदा ठरवायच्या आधी हा आकडा काढून घ्या. कर्नाटकात गाडी स्वस्त मिळाली म्हणून खूश झालेला माणूस कर भरताना हिशेब पुन्हा मांडायला बसतो. कर्नाटकाने आयुष्यभराचा कर आगाऊ घेतलेला असतो. त्यातला उरलेल्या वर्षांचा भाग परत मागता येतो, पण नवीन आरसी हातात आल्यावर चिक्कोडीलाच अर्ज करावा लागतो. तो कोणी मागायचा, तुम्ही की विक्रेत्याने, हे व्यवहारातच लिहून घ्या.

नंबर बदलला की विमा कंपनीला कळवा आणि बँकेकडून फास्टॅग नव्या नंबरवर करून घ्या. किणी टोलनाक्यावर जुन्या नंबरचा टॅग आणि नव्या नंबरची प्लेट जुळत नाही, मग मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत बसावे लागते.

मालक न बदलता परराज्यातली गाडी नुसती वापरायला आणली असेल तर १२ महिन्यांपर्यंत मूळ नंबर चालतो. त्यापुढे ठेवायची झाली तर इथला नंबर घ्यावाच लागतो. करासंबंधीचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे असतात, ते निराळे.

प्रश्न : २०११ च्या दुचाकीसाठी हाय सिक्युरिटी प्लेट बुक करायचा प्रयत्न केला. एकदा ‘माहिती जुळत नाही’ असे आले, नंतर ओटीपीच येईना. नेट कॅफेवाला ‘साधी प्लेटच तशी बनवून देतो’ म्हणतो.
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : कॅफेवाल्याला नमस्कार करून बाहेर पडा. तो देईल ती दिसायला तशी असेल, पण सरकारी नोंदीत तिचा पत्ता नसेल.

१ एप्रिल २०१९ पासून विकलेल्या गाड्यांना ही प्लेट शोरूममध्येच बसून येते. त्याआधीच्या गाड्यांना मालकाने मागवायची. महाराष्ट्रातले दर : दुचाकी आणि ट्रॅक्टर ४५० रुपये, तीनचाकी ५००, मोटार आणि इतर ७४५. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५३१, ५९० आणि ८७९ रुपये १० पैसे. केंद्रावर बसवायचे वेगळे पैसे नाहीत. घरी येऊन बसवायची सोय घेतली तर जादा आकार पडतो. बुकिंग परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरून आपले कार्यालय निवडूनच करा. जाहिरातीतून उघडणाऱ्या पानांवर पैसे भरू नका.

माहिती न जुळण्याची कारणे ठरलेली आहेत. चेसिस आणि इंजिन नंबरचे शेवटचे पाच आकडे आरसीवर आहेत तसेच टाकायचे. सतरा अंकी चेसिस नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे नसतातच, म्हणून तिथे गोल दिसले तर तो शून्य समजा. इंजिन नंबराला हा नियम लागू नाही. आरसी आणि गाडीवरचा नंबर यांतच फरक असेल तर पेन्सिल प्रिंट घेऊन कार्यालयात दुरुस्ती करावी लागते. जुने छापील पुस्तक असलेल्या गाडीची नोंद कधीकधी ‘वाहन’ या सरकारी संगणक प्रणालीत चढलेलीच नसते. ती मागाहून चढवण्याला बॅकलॉग एन्ट्री म्हणतात आणि ती कार्यालयातच होते.

ओटीपी न येण्याचे कारण त्याहून साधे : नोंदीत जुना मोबाइल नंबर आहे, किंवा विक्रेत्याने गाडी देताना स्वतःचाच नंबर टाकला होता. तो आधी परिवहनच्या संकेतस्थळावर बदला आणि मगच बुकिंगला बसा.

खरी प्लेट ओळखायची तर हातात घेऊन पाहा. पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा असतो. वरच्या डाव्या कोपऱ्यात अशोकचक्राचे २० मिलिमीटर बाय २० मिलिमीटरचे होलोग्राम, त्याखाली निळ्या रंगात आयएनडी आणि खालच्या डाव्या बाजूला लेसरने कोरलेला दहा अंकी क्रमांक. तो बोटाने घासून जात नाही. अक्षरे उठावाची असतात आणि त्यांच्यावरच्या फिल्मवर तिरक्या ओळीत इंडिया छापलेले असते. प्लेट स्नॅप लॉकने बसते. हे लॉक एकदाच बसते आणि उघडायचे झाले तर तुटते. गॅरेजवाल्याने मडगार्डच्या कामासाठी प्लेट काढली आणि स्क्रूने परत मारली की तिला काही अर्थ उरत नाही. कामाच्या आधी त्याला सांगून ठेवा. प्लेट चोरीला गेली तर पोलिसांत तक्रार देऊन त्या कागदावर नवी मागवायची.

मोटारीला आणखी एक स्टिकर मिळतो, पुढच्या काचेला आतून लावायचा. पेट्रोल आणि सीएनजीला फिकट निळा, डिझेलला केशरी.

प्रश्न : ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडतो. मागच्या ट्रॉलीवर कुठला नंबर हवा, ट्रॉलीचा की ट्रॅक्टरचा?
– एक शेतकरी, शिरोळ

उत्तर : दोन्ही लागतात, पण जागा वेगळ्या. ट्रॉलीचा स्वतःचा नंबर तिच्या बाजूला आणि ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबर शेवटच्या ट्रॉलीच्या मागे. कायद्याच्या कलम ६१ मध्ये हे स्पष्ट आहे. हंगामात ट्रॉल्या अदलाबदल होतात आणि मागे गेल्या खेपेच्या ट्रॅक्टरचा नंबर तसाच राहतो. रात्री कारखान्याच्या रस्त्यावर काही झाले तर भलत्याच ट्रॅक्टरमालकाच्या दारात पोलीस उभे राहतात. वर लोंबणाऱ्या उसाच्या शेंड्यांनी नंबर झाकला जातो, तेही पाहत जा.

प्रश्न : नंबर मराठीत लिहिला तर दंड का? मराठी ही तर राज्यभाषा आहे.
– एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : भावना समजते, पण केंद्रीय मोटार वाहन नियमांत रोमन अक्षरे आणि आंतरराष्ट्रीय आकडेच धरलेले आहेत, कारण ही प्लेट आसामातल्या पोलिसालाही वाचता आली पाहिजे. ४१४१ चा ‘दादा’ आणि २१४ चा ‘राम’ करणारेही याच नियमात सापडतात. मापेसुद्धा ठरलेली आहेत. मोटारीला अक्षराची उंची ६५ मिलिमीटर, जाडी १० आणि मधली जागा १०. दुचाकीला पुढे उंची ३०. मागे अक्षरे ३५ आणि आकडे ४०. कलम १७७ खाली दंड पहिल्यांदा ५०० रुपये, पुढच्या वेळी १५००. आता आकड्याचा ‘दादा’ करायचा म्हणजे हाय सिक्युरिटी प्लेट काढूनच ठेवावी लागते, तो दुसरा गुन्हा.

प्रश्न : पसंतीचा नंबर कसा मिळवायचा? ०००१ खरेच लाखांत जातो का?
– एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : जातो. ऑगस्ट २०२४ च्या दरवाढीनंतर मागणी जास्त असलेल्या जिल्ह्यांत मोटारीसाठी ०००१ चे शुल्क ६ लाख रुपये झाले, आणि त्या जिल्ह्यांत मुंबई-पुण्याबरोबर कोल्हापूरही आहे. हौसेला मोल नाही! दुचाकीला त्याच नंबरचे १ लाख. दुचाकी आणि मोटारींच्या मालिका वेगळ्या असतात. आपल्या प्रकारच्या चालू मालिकेत नंबर संपला आणि दुसऱ्या मालिकेतून हवा असेल तर मोटारीला तिप्पट शुल्क पडते. नवी मालिका उघडण्याच्या सुमारास अर्जाची तारीख जाहीर होते. एका नंबरला एकापेक्षा जास्त अर्ज आले की लिलाव होतो आणि जास्त रक्कम देणाऱ्याला नंबर मिळतो.

प्रश्न : राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी, बदली कुठेही. बीएच नंबर घ्यावा का?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : बीएच म्हणजे भारत मालिका; गाडी दुसऱ्या राज्यात नेली तरी हा नंबर बदलावा लागत नाही. खरोखर राज्याबाहेर बदल्या होत असतील तर घ्या. सप्टेंबर २०२१ पासून ही मालिका आहे. आधी वर्षाचे दोन आकडे, मग बीएच, मग चार आकडे आणि शेवटी अक्षरे. केंद्र व राज्य सरकार, सैन्यदले आणि सरकारी उपक्रमांतले कर्मचारी, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी पात्र ठरतात. खासगीवाल्यांना कंपनीकडून नमुना ६० लागतो. कर एकदम न भरता दोन-दोन वर्षांचा भरायचा. तारीख चुकली की रोज १०० रुपये दंड चढतो, आणि विसरभोळ्या माणसाला हा नंबर इथेच महाग पडतो. नोकरी कोल्हापूर-सांगलीतच फिरणार असेल तर एमएच ०९ बरा. गाडी पुढे विकायची झाली आणि घेणारा बीएचला पात्र नसेल, तर त्याला साधा नंबर घेऊन इथला कर भरावा लागेल आणि तो ते पैसे तुमच्याच किमतीतून कापून मागेल.

प्रश्न : लष्कराच्या गाडीवरचा बाण कशासाठी?
– एक वाचक, सैनिक टाकळी

उत्तर : बाण ही संरक्षण दलाच्या मालमत्तेची ब्रिटिशांच्या काळापासून चालत आलेली खूण आहे. त्याच्यामागचे दोन आकडे गाडी घेतल्याचे वर्ष सांगतात. या गाड्यांची नोंद संरक्षण मंत्रालयाकडे असते, आरटीओकडे नाही.