पेरोनीज डिसीजचं ऑपरेशन करावं का? लांबी खरंच कमी होते का?

प्रश्न विचारणाऱ्यांनी लिहिलंय की वय ४६, दीड वर्षापासून पेरोनीज (लिंगाच्या आत कडक गाठ होऊन ताठरतेच्या वेळी ते वाकतं, तो आजार) आहे, वाक साधारण ५० अंशांचा, दुखणं आता थांबलंय, डॉक्टर ऑपरेशन सुचवतायत आणि लांबी कमी होते असं ऐकून धीर होत नाही. मग शेवटी एक ओळ आहे: "घरी कुणालाच माहीत नाही, बायकोलाही नाही. कामाचा ताण आहे असं सांगून दिवस ढकलतोय."

त्या शेवटच्या ओळीमुळे मी लिहायला बसलो.

लांबीचं आधी सांगून टाकतो. होते कमी. माझी दीड सेंटीमीटरच्या आसपास झाली. "काहीच फरक पडत नाही" असं सांगणारा डॉक्टर भेटला तर दुसरा गाठा. पण आजारानेही आधीच थोडी खाल्लेली असते, तो हिशेब आपण ऑपरेशनच्या नावावर टाकतो.

मी सांगलीचा, आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक होतो. २०१७ च्या दिवाळीत माझं सुरू झालं, तेव्हा वय ५१. आधी ताठरतेच्या वेळी दुखायचं. मग वरच्या बाजूला कातडीखाली गाठ लागायला लागली, चपटी, भोपळ्याच्या बीसारखी. महिन्या-दोन महिन्यांत वाक दिसायला लागला. कॅन्सर असणार, हे मी मनाशी ठरवूनच टाकलं. तो कॅन्सर नसतो, हे कुणीतरी पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं तर किती रात्री वाचल्या असत्या.

गावातल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोन मिनिटं बघितलं, व्हिटॅमिन ईच्या गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "वयानुसार होतं असं. आता काय करायचंय तुम्हाला?" मी मान हलवून बाहेर आलो. हे वाक्य आजही माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. गुडघा वाकत नसता तर पन्नाशीच्या माणसाला हेच म्हणाले असते का? त्या गोळ्या मी पाच महिने घेतल्या. पुढे वाचलं की अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनने, म्हणजे तिकडच्या मूत्रविकारतज्ज्ञांच्या संघटनेने, २०१५ सालच्या मार्गदर्शक सूचनांत या आजारासाठी व्हिटॅमिन ई देऊ नये असं स्पष्ट सांगितलेलं आहे. मधल्या काळात भिंतीवरची जाहिरात वाचून एका गुप्तरोगवाल्याकडेही जाऊन आलो. त्याने लहानपणच्या सवयींचा दोष काढला आणि नऊ हजारांचं भस्म दिलं. सवयींचा काही संबंध नाही. तिकडे फिरकू नका.

हे सगळं मी चोरून करत होतो. घरात पाठदुखी सांगितली होती. टीव्ही बघता बघता झोप लागली असं दाखवून हॉलमध्येच झोपायचो. सहा महिने.

आता त्या सहा महिन्यांत आमच्या हिच्या मनात काय चाललं होतं ते ऐका, कारण तुमच्या घरातही काहीतरी चाललेलं असणार. त्याच वर्षी मे महिन्यात तिची गर्भपिशवी काढली होती. ती त्यातून उठते न उठते तोच मी लांब झोपायला लागलो. तिने सरळ अर्थ लावला की पिशवी काढली म्हणून मी आता याला नकोशी झाले. ती हे कुणाला बोलली नाही, आईलाही नाही. मशीनवर बसून लोकांचे ब्लाऊज शिवत राहिली आणि मनात हे घोळवत राहिली. मी माझी लाज राखत होतो आणि तिची झीज होत होती. हे मला कळलं तेव्हा ऑपरेशनच्या भीतीपेक्षा जास्त हादरलो.

एप्रिलमधल्या एका रात्री तिने दिवा लावून विचारलं, "माझ्यात काय कमी झालंय ते एकदा सांगून टाका." तेव्हा मला बोलावं लागलं. बोलता येईना म्हणून दाखवलं. तिने बघितलं आणि एवढंच विचारलं, "दुखतं का?" मग बराच वेळ रडली, आणि ते रडणं दुःखाचं नव्हतं एवढं मला समजलं. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या युरॉलॉजिस्टची वेळ तिनेच घेतली.

तिथे एक गोष्ट झाली ती सांगण्यासारखी आहे. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हात बघू." मला वाटलं चुकून म्हणाले. माझ्या उजव्या हाताची करंगळीशेजारचं बोट पूर्ण सरळ होत नाही, तळव्यात दोरीसारखा ताठ पट्टा आहे. तीस वर्षं कानस आणि हातोडा चालवल्यामुळे झालं असं मी धरून चाललो होतो. ते म्हणाले, याला ड्युप्युत्रेन म्हणतात आणि ज्यांच्या हाताला हे असतं त्यांच्यात पेरोनीज जास्त आढळतो. त्यात माझा मधुमेह. एकाच प्रवृत्तीच्या दोन जागा. हात मी चारचौघांत दाखवत होतो, त्याची कधी लाज वाटली नव्हती.

त्यांनीच सांगितलं की फ्रान्सच्या पंधराव्या लुई राजाचा शल्यविशारद पेरोनी, त्याने १७४३ साली हा आजार नीट लिहून ठेवला. म्हणजे इकडे साताऱ्याच्या गादीवर शाहू महाराज होते तेव्हा. इतक्या जुन्या आजाराला आम्ही घरात नाव घेऊ शकत नाही. र. धों. कर्वे सव्वीस वर्षं याच विषयांवर मराठीत मासिक काढत होते, कोर्टकज्जे सोसत होते, आणि आपल्याकडे अजून "पाठ दुखते" चाललंय.

हा वाक का येतो ते मला वर्कशॉपमुळे पटकन कळलं. प्लेटच्या एकाच बाजूला वेल्ड मारला की थंड होताना तो आक्रसतो आणि प्लेट त्या बाजूला ओढली जाते. इथेही आतल्या आवरणाच्या एका बाजूला व्रणासारखी कडक ऊती तयार होते. बाकीचं आवरण ताणलं जातं, ती बाजू ताणली जात नाही, म्हणून त्या बाजूला वाक. डॉक्टर म्हणाले, अजून वाक बदलतोय, आता हात लावायचा नाही. दुखणं थांबून निदान सहा महिने कोन तोच राहिला पाहिजे, नाहीतर आज सरळ केलेलं उद्या परत वाकेल. घरी फोटो काढून ठेवायला सांगितले, वरून, बाजूने आणि समोरून. फोटो हिने काढले. मी त्यावर कोनमापक ठेवून मोजायचो आणि वहीत तारीख टाकून लिहायचो. ऑगस्टनंतर आकडा ५५ वर थांबला. मग दवाखान्यात इंजेक्शन देऊन ताठरता आणली, डॉपलर सोनोग्राफी केली, रक्तप्रवाह ठीक निघाला, कोन जवळपास तोच आला. तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ८.९ टक्के होती, ती ७.१ वर आणेपर्यंत त्यांनी तारीख दिली नाही. बरोबर केलं.

माझं प्लिकेशन झालं. म्हणजे गाठीला हात न लावता विरुद्ध बाजूला न विरघळणारे टाके घालून ती बाजू आखूड करायची, दोन्ही बाजू बरोबरीला आल्या की सरळ. डॉक्टर कागदावर चित्र काढून समजावत होते तेव्हा ही म्हणाली, "म्हणजे ब्लाऊजला टक्स घेतात तसं?" ते म्हणाले, अगदी तसंच. मी लगेच लांबीचं विचारलं. उत्तर हिनेच दिलं, "टक्स घेतले की कापड आखूड होणारच. पण अंगावर बसतं." तुमच्या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

फेब्रुवारी २०१९. कमरेत इंजेक्शन, दीड-दोन तास, मध्ये सलाईन भरून सरळ झालं का ते टेबलवरच तपासतात. लघवीची नळी दुसऱ्या दिवशी सकाळी काढली. पहिले दोन आठवडे झोपेत आपोआप ताठरता येते तेव्हा टाके ओढतात, त्या रात्री कठीण जातात. सहा आठवडे संबंध बंद. टाक्यांच्या गाठी हाताला अजून लागतात. थोडा बधिरपणा होता, तो तीन-चार महिन्यांत गेला. वाक १० अंशांच्या आत राहिला.

आता दादाचं. नळी निघाली त्याच दिवशी दुपारी थोरला भाऊ गावाहून आला. मी त्याला फोनवर खरं ते सांगितलं होतं. आल्या आल्या म्हणाला, "भावकीत हर्निया म्हणून सांगितलंय, तूही तेच सांग." मी म्हटलं, का? तर म्हणाला, "पन्नाशी उलटल्यावर हे कशाला उकरून काढायचं? पोरीचं लग्न व्हायचंय. अप्पांनी अकरा वर्षं काढली, एका शब्दाने बोलले नाहीत." पुतण्या शेजारी उभा होता. मी गप्प बसलो, आणि त्या गप्प बसण्याचा मला आजवर राग येतो.

अप्पांना, म्हणजे आमच्या वडिलांना, हायड्रोसील होतं, अंडकोषाच्या पिशवीत पाणी साठून ती सुजते तो आजार. घरात सगळ्यांना माहीत होतं, धोतरातूनही दिसायचं. कुणी नाव काढलं नाही. दादा म्हणतो त्यांनी सहन केलं. काय सहन केलं ते मी लहान असून बघितलं आणि तो मोठा असून त्याला दिसलं नाही. अप्पा पंगतीत मांडी घालून बसायचे बंद झाले, आणि लग्नाला गेले तरी "भूक नाही" म्हणून मांडवाच्या कडेला उभे राहायला लागले. सायकल सोडली. दरवर्षी पायी पंढरपूरला जायचे, ती वारी सोडली, आणि लोकांना सांगायचे की शेताचं काम आहे. आषाढीला माळ हातात घेऊन ओट्यावर बसायचे. हे ऑपरेशन त्या काळीही व्हायचं, सिव्हिल हॉस्पिटलात, फुकट. अकरा वर्षांची वारी दोन दिवसांच्या ऑपरेशनपायी गेली आणि आपण त्याला सहनशक्ती म्हणतो. दादा, ती लाज होती. ती त्यांची एकट्याची नव्हती, आपल्या सगळ्यांची होती. आपल्यापैकी एकाने जरी "अप्पा, चला डॉक्टरकडे" म्हटलं असतं तर ते आले असते असं मला वाटतं. मुलीच्या लग्नाचं म्हणशील तर ते झालं, आणि माझं ऑपरेशन कसलं होतं ते जावयाला माहीत आहे. मीच सांगितलं. त्याने विचारलं, "आता बरं आहे ना, बाबा?"

आणि "पन्नाशीनंतर कशाला" याचं उत्तर मी देणार नाही, ते आमच्या हिला विचारावं. तिने दादाला त्या दिवशी दवाखान्यातच सांगितलं होतं, "भाऊजी, हा आमचा दोघांचा आजार होता." तो त्यावर काही बोलला नाही.

काही गोष्टी राहिल्या. मी डॉक्टर नाही, माझं जे झालं ते सांगतोय. प्लिकेशन मला चाललं कारण ताठरता चांगली होती आणि वाक ६० अंशांच्या आत होता. त्याहून जास्त असेल किंवा मध्येच डमरूसारखी खाच असेल, तर गाठ छेदून तिथे ग्राफ्ट, म्हणजे ठिगळ, लावतात, पायातल्या शिरेचा किंवा गालाच्या आतल्या अस्तराचा. त्यात लांबी बरीच वाचते, पण नंतर ताठरता कमी होण्याचा धोका जास्त. ताठरताच येत नसेल आणि गोळ्यांनीही येत नसेल, तर नुसतं सरळ करून उपयोग नाही, तिथे इम्प्लांटचा, म्हणजे ताठरतेसाठी आत बसवायच्या कृत्रिम साधनाचा, विचार करतात. आणि हृदयासाठी नायट्रेटची गोळी चालू असेल तर ताठरतेची गोळी दुकानातून परस्पर घेऊ नका, रक्तदाब एकदम पडून जीव जाऊ शकतो. वाक कमी असेल, संबंधाला अडचण नसेल, दोघांनाही चालत असेल, तर ऑपरेशन करायलाच हवं असंही नाही. हे मी आधी लिहायला हवं होतं.

तुमचा ५० अंश कुणी मोजलाय, दवाखान्यात इंजेक्शन देऊन की तुम्ही अंदाजाने? दुखणं थांबून किती महिने झाले? साखर तपासलीय का? हे काहीच प्रश्नात नाही. ऑपरेशनचं "हो" किंवा "नाही" त्यावरच ठरतं, आणि ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचंय. फोटो मात्र आजपासून काढायला लागा, वरून, बाजूने आणि समोरून, तारखेसकट. समोरून आणि बाजूने स्वतःचे नीट येत नाहीत. बायकोला काढायला सांगा.