कॅमेरा सोडतोय म्हणजे नेमकं काय सोडतोय?

“आधी फोटोग्राफी, आता आर्ट डायरेक्शन. उद्या तिसरंच खूळ निघेल. ही धरसोड थांबवायची कशी?” कलेच्या क्षेत्रात शिरलेल्या मुलांचे आईवडील माझ्याकडे सल्ल्याला येतात, तेव्हा थोड्याफार फरकाने हेच विचारतात. म्हणून यातल्या एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वडिलांचा तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ. मुलगा बी.कॉम. होऊन धंद्यात आला, प्री-वेडिंग सुरू केलं, बापापेक्षा चढा दर घेऊ लागला. नवा कॅमेरा कर्ज काढून घेतला, त्याचे हप्ते चालू. अशात मित्रांच्या एका गाण्याच्या व्हिडिओला मदत करायला मुंबईला गेला, तो “मला आता आर्ट डायरेक्शन, म्हणजे सेटच्या मांडणीचंच काम करायचंय” म्हणत परत आला. वडिलांच्या लेखी हे म्हणजे चालता धंदा सोडून सुतार-रंगाऱ्यांच्या मागे उभं राहणं.

मुलाला मी एकट्याला बोलावलं आणि येताना फोटो आणायला सांगितले. त्याने वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावरचा एक अल्बम उघडला. जोडप्याचं हसू ओढूनताणून आणलेलं, फोटो म्हणून ठीकठाक. पण पायरीवर पितळी घंगाळ, त्यात शेवंती, मागे दोरीवर वाळत घातलेलं मोरपंखी लुगडं, मुलीच्या साडीच्या काठाला बरोबर जुळणारं.

“हे तिथेच होतं?”

“छे! घंगाळ आजीचं, गाडीत घालून नेलं. लुगडं शेजारच्या काकूंचं.”

लेन्सबद्दल विचारलं तर दोन वाक्यांत आटोपलं. लुगडं निळं का नको, मोरपंखीच का, यावर मात्र गडी थांबेना. क्लिक करण्यापेक्षा मांडामांडीतच त्याचा जास्त वेळ जात होता, आणि तो नवा कॅमेरा घेण्याच्याही आधीपासून.

तरी नुसत्या आवडीवर मी निर्णय घेऊ देत नाही. अशा मुलांना मी एकच विचारते: नव्या कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग कोणता? ज्याला तो सांगता येत नाही, त्याने ते काम अजून लांबूनच पाहिलेलं असतं. (एक मुलगा माझ्याकडे शूटिंगच्या पार्ट्यांबद्दलच बोलत बसला होता. त्याला मी आधी चार दिवस सेटवर राबून ये म्हटलं. तो पुन्हा आला नाही.)

याने यादीच वाचली. गाणं ऐकून प्रॉपर्टीची, म्हणजे सेटवर लागणाऱ्या सामानाची यादी काढायची, जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात भाड्यावरून घासाघीस करायची, कपाटाला ओरखडा गेला की डिपॉझिट कापलं जातं. पॅकअप झाल्यावर सगळे घरी जातात आणि आर्टवाले सेट उतरवत बसतात. मग स्लो मोशनचं सांगितलं. त्यात ओठ जुळावेत म्हणून सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवतात आणि कॅमेराही दुप्पट फ्रेम्सवर चालवतात. गायक भराभर ओठ हलवतो, पण पडद्यावर सगळं निवांत दिसतं. उधळलेला गुलाल त्या वेगात कसा पडेल याचा अंदाज आर्टवाल्यांनी आधीच घ्यायचा. टेक फसला की गायकाचे कपडे, फरशी, मागचा पडदा सगळं झटकून-पुसून पुन्हा पहिल्यासारखं करायचं, डोक्यावर सहायक दिग्दर्शक ओरडत असताना. बोलताना तो वैतागला होता, पण त्यातलं बारीकसारीक काही विसरला नव्हता. हे खूळ नव्हे, एवढी माझी खात्री झाली.

वडिलांशी बोलताना मी प्रभात फिल्म कंपनीचे साहेबमामा फत्तेलाल यांचं नाव काढलं. कोल्हापूरजवळच्या कागलचा माणूस, मूळचा चित्रकार. प्रभातच्या चित्रपटांचं कलादिग्दर्शन केलं आणि १९३६च्या ‘संत तुकाराम’चं विष्णुपंत दामल्यांबरोबर दिग्दर्शनही. वडील म्हणाले, “मॅडम, त्यांना कॅमेऱ्याचे हप्ते नव्हते.” खरंच होतं ते. मग आम्ही पैशांवर आलो.

गाण्याचं शूट बहुधा एक-दोन दिवसांत उरकतं, पैसे मात्र तीन-तीन महिने येत नाहीत. शिवाय नवख्याला सगळ्या आर्टसाठी एकच ठोक रक्कम देतात आणि त्यातून उरेल ते त्याचं मानधन. हौशी मुलं सेट चांगला दिसावा म्हणून ते उरलेलंही खर्चून टाकतात. म्हणून ठरलं ते असं: हप्ते फिटेपर्यंत तुळशीच्या लग्नानंतरचा सीझन सोडायचा नाही, बाकीचे महिने एखाद्या आर्ट डायरेक्टरच्या हाताखाली काढायचे. सामानाचा खर्च आणि मानधन वेगळं लिहून निर्मात्याला मेल करायचं, आणि सामानाचा ॲडव्हान्स हातात आल्याशिवाय स्वतःच्या खिशातून एक खुर्चीसुद्धा भाड्याने घ्यायची नाही.

पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी चित्रपट संस्थेत कलादिग्दर्शनाचा अभ्यासक्रम आहे, पण त्यासाठी उपयोजित कला, चित्रकला, वास्तुकला अशा शाखांची पार्श्वभूमी मागतात, प्रवेशाच्या अटी त्या-त्या वर्षी वाचून घ्याव्यात. बी.कॉम.वाल्या या मुलाला उमेदवारीचा रस्ताच जवळचा होता. त्याला मी आणखी एक सुचवलं: प्रत्येक जागेचा मांडणीआधीचा आणि नंतरचा फोटो एकाच कोनातून काढून ठेव. आर्टच्या बहुतेक असिस्टंटांना स्वतःचं काम नीट टिपता येत नाही. याला ते येत होतं.

सध्या तो मुंबईत असिस्टंट आहे, सीझनला गावी येतो. वडिलांना हे अजून पुरतं पटलेलं नाही. नातेवाइकांना “पोरगा शूटिंगमध्ये असतो” एवढंच सांगतात. मागे त्यांनी मला फोन केला तो मात्र वेगळ्याच कामासाठी: निर्मात्याने सामानाचे पैसे बुडवले तर दाद कुठे मागायची? मुलगा सिनेक्षेत्रातल्या कामगारांच्या संघटनेचा सभासद असेल तर तिथे, म्हटलं, आणि नसेल तर तो मेल जपून ठेवायला सांगा.