ताम्हिणीत दिसलेला तो पक्षी: खंड्या नव्हे, नवरंग

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ताम्हिणीच्या झाडीत पाचोळ्यातून भुर्रकन उडालेला, पंखांवर निळा आणि शेपटीखाली लालभडक असलेला ज्या पक्ष्याबद्दल आपण विचारले आहे आणि ज्याला आपण खंड्या समजलात, तो माझ्या मते नवरंग आहे. दोन सुरांची शीळ ऐकल्याचेही आपण लिहिले आहे, त्यामुळे मला शंका उरलेली नाही. हा गैरसमज पुण्यातील पक्षिनिरीक्षकांचा नेहमीचाच आहे, कारण उडताना नवरंगाच्या पंखांवरील पांढरा ठिपका आणि निळा पट्टा एकदम चमकतो आणि तेवढ्या क्षणात चोच पाहण्याचे कोणाला सुचत नाही.

म्हणून रंगांपेक्षा बसण्याची जागा आणि चाल पाहावी, असे मी नेहमी सांगतो. खंड्या फांदीवर किंवा तारेवर टपून बसतो, तर नवरंग जमिनीवर टुणटुण उड्या मारत, पाचोळा उलटून किडे टिपत हिंडतो. त्याची शेपटी इतकी आखूड असते की पक्षी मागून छाटल्यासारखा दिसतो. डोळ्यावरून मानेपर्यंत काजळाचा जाड पट्टा, त्यावर पांढरी भुवई, हिरवी पाठ आणि बदामी पोट, एवढे दिसले की पुरे. नऊ रंग मोजत बसू नये, कारण ते मोजून होईपर्यंत पक्षी झुडपात गेलेला असतो. दुसरी शक्यता म्हणून आपण सुचवलेला नारिंगी डोक्याचा कस्तुरही पाचोळ्यातच वावरतो, पण त्याची पाठ निळसर राखाडी असते आणि शेपटी चांगली लांब असते.

नवरंगाच्या कुळातील बहुतेक पक्षी आग्नेय आशियातील वर्षावनांत राहतात. आपला नवरंग मात्र हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढून पावसाच्या सुमारास विणीसाठी सह्याद्रीत आणि मध्य भारतात येतो. तो गवत, मुळ्या आणि पाने यांचे मोठे गोल घरटे बांधतो, त्याला बाजूने दार ठेवतो आणि मादी साधारण ४-५ अंडी घालते. तो पहाटे आणि संध्याकाळी फांदीवर बसून, मान मागे टाकून शीळ घालतो, आणि एकाने सुरुवात केली की दरीतून दुसरा उत्तर देतो. तमिळमध्ये त्याला ‘सहा वाजताचा पक्षी’ म्हणतात ते याचमुळे. गंमत म्हणजे त्याचे स्वरयंत्र साधे असल्याने, शास्त्रज्ञ ज्यांना काटेकोर अर्थाने गायक पक्षी म्हणतात, त्यांत तो मोडत नाही.

पुन्हा पाहायचा असल्यास पहाटे उजाडण्यापूर्वी ओढ्याकाठच्या दाट झाडीजवळ स्वस्थ बसावे. मोबाईलवर शीळ वाजवून त्याला बोलावू नये. विणीच्या दिवसांत तो प्रतिस्पर्धी आला समजून घरटे सोडून धावत येतो आणि हे मी स्वतः पाहिले आहे.

तो रात्री स्थलांतर करत असल्याने मे-जूनमध्ये कोथरूड, बावधन भागात काचेवर आपटून पडलेला नवरंग सापडू शकतो. तसे झाल्यास त्याला भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात, शांत ठेवावे आणि चोचीत पाणी ओतू नये. आमच्या इमारतीच्या जिन्यात सापडलेला एक नवरंग तीन तासांनी खोके उघडताच कठड्यावर बसला, दोनदा शेपटी हलवली आणि समोरच्या आंब्यात शिरला. पक्षी सावरत नसेल तर वन विभागाला कळवावे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याला घरी पाळता येत नाही.