आधी ब्लोअर घ्या, रोटाव्हेटर सध्या भाड्याचाच बरा

नमस्कार ताई,

तुमचं पत्र मिळालं. वाचकांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. तासगाव तालुक्यात तुमची साडेचार एकर जमीन आहे: अडीच एकर द्राक्षबाग, एकरभर ऊस, एकरभर सोयाबीन-हरभरा. मालाचा बेदाणा करता. यंदा 24 एचपीचा मिनी ट्रॅक्टर साडेचार लाखांच्या कर्जावर घेतलात. आता डीलर म्हणतोय, रोटाव्हेटर (माती भुसभुशीत करणारं अवजार, 95 हजार), ब्लोअर (बागेत औषध फवारणारं यंत्र, 2 लाख 40 हजार), ट्रॉली (सव्वा लाख) आणि कल्टीव्हेटर (25 हजार) असा सगळा संच घ्या, 13 टक्क्यांनी कर्जात बसवून देतो. तुमच्याकडे दोन लाखांची एफडी आहे. ती मोडायची का, संच एकदम घ्यायचा का आणि नाहीतर सुरुवात कशापासून करायची, हे तुम्ही विचारलंय.

संच एकदम घेऊ नका. 4 लाख 85 हजारांचं नवं कर्ज पाच वर्षांसाठी घेतलं, तर सहामाही हप्ता साधारण 67,500 रुपये होतो, म्हणजे वर्षाला 1 लाख 35 हजार. ट्रॅक्टरचा हप्ता वेगळाच. अडीच एकर बागेवर एवढा भार टाकला तर बेदाण्याचा दर पडलेला असतानाही हप्त्यासाठी माल काढावा लागेल. कोल्ड स्टोरेजमध्ये माल ठेवून चांगल्या सौद्याची वाट बघण्याची मोकळीक ही बेदाणा करणाऱ्याची खरी ताकद असते, ती हप्त्याच्या तारखेला विकू नका.

आता कशापासून सुरुवात करायची ते. बहुतेक जण कुठलं अवजार वर्षात किती वेळा लागतं ते मोजतात. मी आधी विचारतो, ते काम दोन दिवस उशिरा झालं तर नुकसान किती?

रोटाव्हेटरचं बघा. तुमच्याच आकड्यांप्रमाणे वर्षाला सहाएक एकराचं काम, एकरी 1,800 रुपये भाडं, म्हणजे 10,800 रुपये. 95 हजारांवर 13 टक्के दराने पहिल्या वर्षाचं व्याजच 12,350 रुपये. भाड्यापेक्षा व्याज जास्त. डिझेल, पाती, गिअरबॉक्सचं ऑइल अजून धरलेलंच नाही. आणि सोयाबीनचं रान दोन दिवस उशिरा तयार झालं म्हणून वर्ष बुडत नाही. बागेत तर रोटाव्हेटर जपूनच चालवायला हवा, वरच्या थरातल्या पांढऱ्या मुळ्या तुटतात. ओळींमधल्या तणासाठी कल्टीव्हेटर पुरेल. तो मात्र घ्या, रोख घ्या.

ब्लोअरचं गणित उलटं आहे. तुम्ही वर्षाला साठेक फवारण्या लिहिल्यात, एकरी 400 रुपये भाडं. अडीच एकराचे वर्षाला 60 हजार झाले. स्वतःचा ब्लोअर असला तरी डिझेलला एकरी दीडशे धरले तर साडेबावीस हजार जातील, दुरुस्तीला सात-आठ हजार. हातात राहतात तीस हजार. 2 लाख 40 हजारांच्या यंत्रावर तीस हजारांची बचत, म्हणजे नुसत्या भाड्याच्या हिशेबाने यंत्र फिटायला आठ वर्षं लागतील. कागदावर हा सौदा फारसा चांगला दिसत नाही, हे मी लपवणार नाही.

पण तुम्ही पत्रात एक ओळ लिहिली आहे, की गेल्या ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला आणि भाड्याचा ब्लोअर तिसऱ्या दिवशी आला. माझ्या मते सगळा निर्णय त्या ओळीवर आहे. पोंगा अवस्थेपासून (छाटणीनंतर डोळे फुटतात तेव्हापासून) फुलोऱ्यापर्यंत पान ओलं राहिलं की डाउनी (केवडा रोग) थांबत नाही, आणि तेव्हा गावातल्या प्रत्येकाला त्याच सकाळी ब्लोअर हवा असतो. तुमची बाग एकरी 10 टन देते, चार किलोला एक किलो बेदाणा या हिशेबाने अडीच एकराचा सव्वासहा टन बेदाणा. तुम्हाला मिळालेल्या 150 रुपये दराने 9 लाख 37 हजार. त्यातला दहावा हिस्सा डाउनीत गेला तरी 94 हजार गेले. आणि तो जवळपास सगळा तुमच्या नफ्यातून जातो, कारण छाटणी, खत, मजुरी तोवर झालेली असते.

आता असं धरा, की ब्लोअरसाठी एफडीतले 80 हजार घातले आणि 1 लाख 60 हजारांचं कर्ज काढलं. सहामाही हप्ता 22,300 च्या आसपास, वर्षाचे साधारण 44,500. त्यातून तीस हजारांची बचत वजा केली, तर वेळेवर फवारणीसाठी तुम्ही वर्षाला साडेचौदा हजार मोजता. सहा-साडेसहा वर्षांतून एकदा जरी असा दहा टक्के माल वाचला, तरी पैसे वसूल. आपल्या भागातला ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस बघता ही अपेक्षा जास्त नाही.

मात्र लगेच दुकानात जाऊ नका. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरण योजनेतून अर्ज करा, आणि तुमच्या नावाने करा. सातबारा दोघांच्या नावावर आहे असं तुम्ही लिहिलंय. महिला, अल्पभूधारक आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना किमतीच्या 50 टक्के किंवा ठरवून दिलेली कमाल रक्कम, यात जे कमी असेल तेवढं अनुदान आहे. इतरांना 40 टक्के. ट्रॅक्टर तुमच्या मालकांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, नावावर असला तरी चालतं, कुटुंबात ट्रॅक्टर असल्याचा पुरावा लागतो. शेतकरी ओळख क्रमांक काढलेला हवा. पूर्वसंमती यायच्या आधी खरेदी केलीत तर अनुदान गेलं, मग कुणी काहीही सांगो. ट्रॅक्टरच्या बाबतीत तुमचं हेच झालं.

पण अनुदानाच्या वाटेकडे बघत पुन्हा ऑक्टोबर येऊ देऊ नका. मी 15 सप्टेंबर ही तारीख धरली असती. तोवर पूर्वसंमती आली तर उत्तम. नाही आली तर मनाला लावून न घेता आपल्या पैशाने घ्या. त्या अनुदानापेक्षा पुढचे पन्नास दिवस मोलाचे आहेत.

मालकांचा विचार आहे की बाहेरची कामं घेऊन हप्ते भागवायचे. कष्टाची तयारी आहे हे चांगलंच, पण त्या भरवशावर कर्ज वाढवू नका. मोकळ्या रानात 45-50 एचपीच्या ट्रॅक्टरपुढे मिनीला भाव मिळत नाही. मिनीला मागणी बागेतल्या फवारणीची, आणि ती नेमकी तुमच्या बागेला गरज असते त्याच दिवशी येते. शेजाऱ्याचे हजार रुपये घ्यायला गेलात आणि आपली बाग संध्याकाळवर गेली, तर ब्लोअर घेतला कशासाठी? आधी आपली अडीच एकर, मग बाहेर. आणखी एक लक्षात असू द्या: शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी दुसऱ्याच्या शेतात भाड्याने केलेल्या कामाचे पैसे व्यवसायाचं उत्पन्न धरले जातात. त्याची वेगळी वही ठेवा.

ट्रॉली यंदा नको. वर्षातल्या मोजक्या खेपांसाठी सव्वा लाख, शिवाय ट्रॉलीचं स्वतंत्र रजिस्ट्रेशन आणि विमा.

एफडीचं विचारलंत. ब्लोअरचे 80 हजार आणि कल्टीव्हेटरचे 25 हजार काढा, उरलेल्या 95 हजारांना हात लावू नका. छाटणीनंतर औषधं-मजुरीचा खर्च एकदम अंगावर येतो आणि घरात दुखणंखुपणं सांगून येत नाही. पीककर्जातून यंत्र घ्यायचा मोह मात्र टाळा. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत शून्य टक्क्यांनी पडतं. तो पैसा यंत्रात अडकला आणि मुदत चुकली, तर ती सवलतही गेली. कर्ज घेताना नोव्हेंबरचा हप्ता मान्य करू नका, तो तुमचा सगळ्यात ओढाताणीचा महिना. वार्षिक हप्ता मिळत असेल तर जूनचा मागा.

खरेदीआधी दोन गोष्टी बघा. कोटेशनवर जीएसटी 5 टक्के आहे ना? ट्रॅक्टर, शेतीची अवजारं आणि फवारणी यंत्रांवरचा दर 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 वर आला आहे. दुसरं म्हणजे ब्लोअरचा आकार. 600 लिटरच्या टाकीत 600 किलो नुसतं पाणी, त्यावर यंत्राचं वजन. मिनीच्या हायड्रॉलिकला एवढं उचलणं जड जाऊ शकतं. ट्रॅक्टरच्या पुस्तकात लिफ्टची क्षमता आणि पीटीओ एचपी (यंत्र फिरवणाऱ्या मागच्या दांड्याला मिळणारी ताकद) बघा, इंजिनचे 24 एचपी पीटीओला पूर्ण पोचत नाहीत. मागे ओढायचा ब्लोअर घेतलात तर ओळीच्या टोकाला वळायला जागा जास्त लागते. तुमची बाग नऊ बाय पाच फुटांची आहे, तेव्हा टाकी भरून तुमच्याच बागेत डेमो मागा, कडेच्या ओळीत वळवून बघा, आणि 400 लिटरचा माउंटेड (ट्रॅक्टरवरच उचलून बसवलेला) पुरत असेल तर तोच घ्या. किंमत कमी होईल, तेवढं कर्जही कमी काढा.